विदूषक, कुणबी आणि रात्रीची शाळा : 'तृतीय रत्न'मधील हास्य आणि आत्मपरिवर्तन

प्रस्तावना

मराठीत 'कुणबट', 'कुणबाऊ', 'गावंढळ' ही विशेषणे दीर्घकाळ हसण्याच्या सोयीसाठी वापरली गेली आहेत. एखाद्या माणसाचा उच्चार, पेहराव किंवा जेवण्याची रीत यांपैकी काहीही त्या विशेषणाखाली आले की ते हास्यास्पद ठरते. यातील पहिली दोन विशेषणे तर सरळ एका शेती करणाऱ्या समाजाच्या नावावरून तयार झालेली आहेत. नाव हीच जेथे चेष्टा होते, तेथे त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाची अस्मिता आणि हास्य यांचा संबंध केवळ करमणुकीचा राहत नाही.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर हे तालुके प्रामुख्याने कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली आणि बौद्ध समाजांच्या वस्तीचे आहेत. येथील महाविद्यालयांत येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी महाविद्यालयाची पायरी पूर्वी कोणी चढलेले नसते. अशा परिसरात मराठीचे अध्यापन करताना हास्य माणसाला बदलू शकते काय, आणि बदलत असेल तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न केवळ साहित्यशास्त्राचा राहत नाही. तो रोजच्या वर्गाचा प्रश्न होतो.

या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत आधीचे आणि आजही पुरेसे न वाचले गेलेले उत्तर महात्मा जोतीराव फुले (1827–1890) यांच्या 'तृतीय रत्न' या 1855 मधील नाटकात आहे. या नाटकाची चर्चा बहुधा सामाजिक आशयाच्या अंगाने होते. त्यातील पुरोहितशाहीवरील टीका, शिक्षणाचा पुरस्कार आणि पहिले सामाजिक मराठी नाटक म्हणून त्याचे स्थान यांवर भर दिला जातो. नाटकातील विदूषक मात्र या चर्चेत अनेकदा लेखकाचा मुखवटा म्हणून बाजूला सारला जातो. प्रस्तुत लेखात त्या विदूषकाला मध्यभागी ठेवून नाटकातील हास्याचे स्वरूप तपासले आहे. फुल्यांनी हास्याची दिशा बदलली आणि त्यामुळे हसणाऱ्याला स्वतःकडे पाहण्याची वाट मिळाली, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हास्यविचाराची पार्श्वभूमी

भारतीय काव्यशास्त्रात हास्याला रसाचा दर्जा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचा स्थायीभाव 'हास' असून स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. या सहा प्रकारांची वाटणी लक्षणीय आहे. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या पात्रांकडे, विहसित आणि उपहसित मध्यम प्रकृतीकडे, तर अपहसित आणि अतिहसित अधम प्रकृतीकडे जातात. कोणी किती हसावे, दात दिसावेत की नाही, डोळ्यांत पाणी यावे की नाही, हे पात्राच्या दर्जावरून ठरते. म्हणजे हास्य ही येथे ओळख बदलणारी शक्ती नाही. आधीच ठरलेली ओळख पक्की करणारी ती खूण आहे.

पाश्चात्त्य विचारातही हास्य आणि श्रेष्ठत्व यांचा संबंध जुना आहे. थॉमस हॉब्जने 'लेव्हायथन' (1651) या ग्रंथात दुसऱ्याच्या उणिवेच्या तुलनेत स्वतःची थोरवी एकाएकी जाणवणे हे हसण्याचे मूळ मानले. आंरी बर्गसाँने 1900 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक निबंधात जिवंत माणसाच्या वागण्यात शिरलेला यांत्रिकपणा हे हास्याचे कारण सांगितले आणि हास्य ही समाजाने त्या ताठरपणाला दिलेली शिक्षा आहे, अशी मांडणी केली. हसताना हृदय काही काळ बधिर व्हावे लागते, हे त्याचे निरीक्षणही प्रसिद्ध आहे. मिखाईल बाख्तीनने राब्ले या फ्रेंच लेखकावरील 1965 च्या ग्रंथात जत्रेतील लोकहास्याचा विचार केला. त्या हास्यात उच्चनीचता काही काळ उलटीपालटी होते आणि हसणारा स्वतःलाही त्यातून वगळत नाही, हे त्याने दाखवून दिले.

या मांडण्यांतून दोन भिन्न शक्यता समोर येतात. एका हास्यात हसणारा सुरक्षित राहतो आणि ज्याला हसले जाते तो खाली ढकलला जातो. दुसऱ्या हास्यात हसणाराही त्या वर्तुळात ओढला जातो. व्यक्तीच्या परिवर्तनाचा संबंध असलाच तर तो या दुसऱ्या हास्याशी असू शकतो. मात्र बाख्तीनचे जत्रेतील हास्य जत्रा संपल्यावर ओसरते. दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा आपल्या जागी परततो. हसण्यातून मिळालेली दृष्टी टिकावी यासाठी आणखी काही लागते. ते काय, याचे उत्तर 'तृतीय रत्न'च्या शेवटात सापडते.

विदूषकाचे स्थलांतर

संस्कृत नाटकातील विदूषक हा राजाचा सखा असतो. तो जन्माने ब्राह्मण, पण बोलतो प्राकृत. खाण्याचा लोभी, दिसायला विरूप आणि वृत्तीने भित्रा असतो. ज्ञानाचा अधिकार असलेल्या वर्णात जन्मून ज्ञानाची भाषा न बोलणे ही त्याच्या विनोदाची मूळ विसंगती आहे. तो राजाला हसवतो, क्वचित खरेही बोलतो. परंतु त्याचे सारे बोलणे राजाच्या दिशेने असते. राजवाड्याबाहेरच्या शेतकऱ्याशी त्याचे काही नाते नाही.

विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. त्यांच्या नाटकांच्या प्रारंभी सूत्रधारासमोर विदूषक येई तो रानातील वनचराच्या वेशात. नाचत-उड्या मारत येणाऱ्या या वनचराचे आणि सूत्रधाराचे विनोदी संभाषण होई आणि मग पौराणिक आख्यानाला आरंभ होई. विदूषक राजाजवळून उठला खरा, पण रानात राहणारा माणूस हाच आता हसण्याचा विषय झाला. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीतील वाचकाने हा तपशील थोडे थांबून पाहावा असा आहे. आधुनिक मराठी रंगभूमीच्या उंबरठ्यावर पहिले हसू उमटले, ते वनवासी माणसाच्या सोंगावर.

यानंतर बाराच वर्षांनी फुल्यांनी विदूषकाला तिसऱ्या जागी नेले. 'तृतीय रत्न'मध्ये कुणबी, त्याची गरोदर बायको, जोशी आणि पाद्री ही प्रमुख पात्रे असून विदूषक त्यांच्या व्यवहारावर सतत भाष्य करीत राहतो. तो राजाचा सखा नाही आणि सूत्रधाराचे खेळणेही नाही. कथानकातील व्यवहारात त्याचा हात नसतो. त्याचे बोलणे मुख्यतः प्रेक्षकाला उद्देशून आहे. या बदलामुळे नाटकाची रचनाच वेगळी होते. रंगमंचावर घडणारी फसवणूक आणि तिच्याकडे पाहण्याची दृष्टी या दोन्ही गोष्टी प्रेक्षकाला एकाच वेळी मिळतात. घटनेपासून प्रेक्षकाला थोडे दूर उभे करून विचाराला लावण्याचे हे तंत्र विसाव्या शतकातील ब्रेख्तच्या रंगभूमीशी ताडून पाहता येते. परंतु फुल्यांच्या समोर ब्रेख्त नव्हता. त्यांच्या समोर होती ती गावोगावची लोकनाट्ये आणि कीर्तने-भारुडे.

भारुडाचा संदर्भ येथे विशेष महत्त्वाचा आहे. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात आंधळा, बहिरा, मुका, वेडी, वाघ्या अशी अनेक सोंगे भारुडांत आणली. त्यांत भविष्य सांगणारा जोशीही आहे. एकनाथांचा जोशी श्रोत्याला हसवत हसवत परमार्थाचे भविष्य सांगतो. तेथे सोंग हे रूपक असते आणि हास्य श्रोत्याला स्वतःच्या आत वळवते. फुल्यांनी रूपक बाजूला केले. त्यांचा जोशी खरोखरच दारात उभा आहे, त्याच्या हातात पंचांग आहे आणि त्याला दक्षिणा हवी आहे. आत वळवण्याचे भारुडाचे सामर्थ्य मात्र त्यांनी सोडले नाही. ते विदूषकाकडे सोपविले.

'तृतीय रत्न'मधील हास्याचे टप्पे

नाटकाचे कथानक साधे आहे. जोशी कुणब्याच्या घरी येतो, घरातील गरोदर बाईला पोटातल्या मुलावरील ग्रहपीडेची भीती घालतो, आणि त्या भीतीच्या आधारे नवरा-बायकोला जपानुष्ठान व ब्राह्मणभोजन यांच्या खर्चात ओढतो. आधीच ओढग्रस्त असलेले कुटुंब आणखी खोल जाते. पुढे पाद्र्याशी झालेल्या संवादातून त्यांना आपल्या फसवणुकीचा उलगडा होतो. अखेर जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मोठ्या माणसांसाठी काढलेल्या रात्रीच्या शाळेत जाण्याचा निर्धार ती दोघे करतात.

या कथानकात हास्य तीन टप्प्यांनी पुढे सरकते.

पहिल्या टप्प्यावर हास्याचा विषय कुणबी आहे. तो चटकन विश्वास ठेवतो, घाबरतो, आकडेमोडीने दिपून जातो. शिकलेल्या प्रेक्षकाला या भोळेपणावर हसणे सोपे आहे. हे हसणे हॉब्जच्या व्याख्येत बसते. विदूषकही येथे कुणब्याला वगळत नाही. त्याच्या भाष्यात कुणब्याच्या अज्ञानाबद्दल चीड आहे. फुल्यांनी शोषिताला गोंजारले नाही, ही या नाटकाची पहिली ताकद आहे.

दुसऱ्या टप्प्यावर विदूषक हास्याचे तोंड जोशाकडे वळवतो. ग्रहांची नावे, बोटांवरची गणिते, संस्कृतचे अवजड शब्द या सगळ्यामागे पोट भरण्याचा सरळ हिशेब आहे, हे तो उघड करतो. ज्या बोलण्याने बाई घाबरते, त्याच बोलण्याने प्रेक्षक हसू लागतो. शब्द तेच असतात, ऐकण्याची जागा बदललेली असते. भीतीचा उगम पवित्र नसून व्यवहारी आहे हे कळताच भीती हास्यास्पद होते. बर्गसाँच्या भाषेत सांगायचे तर जोशी येथे यंत्रवत झालेला आहे. कोणतेही घर, कोणतेही संकट समोर आले तरी त्याची कृती तीच असते. परंतु बर्गसाँने सांगितलेली हृदयाची बधिरता येथे नाही. गरोदर बाईची भीती नाटकात खरी आहे, कुटुंबावर पडणारा बोजा खरा आहे. त्यामुळे प्रेक्षकाचे हसू मध्येच अडखळते.

हे अडखळणे म्हणजेच तिसरा टप्पा. हसता हसता प्रेक्षकाच्या लक्षात येते, की दारात आलेल्या जोशाला त्याच्याही घरातून सूप भरून धान्य गेलेले आहे. कुणबी हा रंगमंचावरचा कोणी परका माणूस उरत नाही. नाटकातील खरी परिणती प्रेक्षकाच्या या ओळखीत आहे. आपण फसलो होतो, हे रडत सांगितले तर मनात अपमान राहतो. रागाने सांगितले तर वैर राहते. हसत सांगता आले तर माणूस आपल्याच जुन्या रूपापासून एक पाऊल दूर उभा राहतो. स्वतःच्या भूतकाळाकडे पाहण्याइतके हे अंतर मिळणे ही परिवर्तनाची पहिली अट होय.

या संदर्भात तुकारामांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सतराव्या शतकात तुकारामांनी आपल्या कुणबी असण्याबद्दल देवाचे आभार मानले आणि तसे नसते तर दंभाने आपला घात झाला असता, अशा आशयाचे उद्गार काढले. ज्या नावाला जग हसते तेच नाव हसतमुखाने स्वीकारण्याची ही कृती आहे. परंतु तुकारामांचा स्वीकार व्यक्तीला मुक्त करतो. तो कुणब्याच्या सामाजिक स्थितीला हात घालत नाही. फुल्यांच्या नाटकात नावाचा स्वीकार नाही, तर त्या नावाला चिकटवलेल्या अज्ञानाचा नकार आहे. कुणबी शेवटी कुणबीच राहतो, पण 'कुणबट' राहत नाही.

शेवटाचा अर्थ

नाटकाचा शेवट शाळेत होतो, या गोष्टीची नोंद सर्वच समीक्षक घेतात. हास्याच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. फसवणुकीचा उलगडा पाद्र्याकडून होत असल्याने कथानक धर्मांतराकडे जाणे शक्य होते. फुल्यांनी ते तसे नेले नाही. कुणबी आणि त्याची बायको चर्चकडे वळत नाहीत. ती रात्रीच्या शाळेकडे वळतात. एका पंचांगाच्या जागी दुसरा धर्मग्रंथ आणून बसवण्याऐवजी फुले त्यांच्या हाती पाटी देतात. विद्या हा तिसरा डोळा आहे, असा शीर्षकाचा अर्थ सामान्यतः लावला जातो, तो या शेवटाशी जुळणारा आहे. फुल्यांनी प्रौढांसाठी रात्रीची शाळा 1855 मध्येच सुरू केली होती. त्यामुळे नाटकाच्या शेवटी येणारी शाळा हे स्वप्न नव्हते. पुण्यात तिचा दरवाजा प्रत्यक्ष उघडा होता.

हास्याने निर्माण केलेले अंतर टिकवण्यासाठी अक्षराची गरज आहे, असा हा विचार आहे. विदूषक डोळ्यांवरची झापड काढतो. परंतु पुढचे पंचांग कुणब्याला स्वतः वाचता आले नाही, तर दुसरा जोशी येईल. हसणे ही सुरुवात आहे, शिकणे हे काम आहे. बाख्तीनच्या जत्रेतील हास्य ज्या ठिकाणी ओसरते, त्या ठिकाणी फुल्यांनी शाळा उभी केली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शाळेकडे जाणाऱ्यांत कुणब्याची बायकोही आहे. जोशाने भीती घातली ती प्रथम तिला. ज्या दाराने भीती घरात शिरली, त्याच दाराने तिला शाळेत पाठविणे ही 1855 मधील धाडसी कल्पना होती. 1848 मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या लेखकाला ती सुचली यात नवल नाही.

न हसलेले हसू : नाटकाचे ग्रहण

'तृतीय रत्न' फुल्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे सादर केले होते, आणि कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे त्यांनी पुढे 'गुलामगिरी' (1873) या ग्रंथात नमूद केले आहे. या कमिटीच्या निधीचे मूळ पेशवाईतील ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेत होते. दक्षिणेसाठी कुणब्याला नागवणाऱ्या जोशावरील नाटक दक्षिणेच्याच निधीकडे पाठविले जाणे, हा विदूषकाला साजेसा प्रसंग आहे. नाटक छापून आले ते 1979 मध्ये, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात. लेखन आणि प्रकाशन यांत 124 वर्षांचे अंतर पडले.

या विलंबाचा परिणाम मराठी विनोदाच्या इतिहासावर झाला. तो इतिहास सामान्यतः श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे'पासून सुरू होतो आणि गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे यांच्याकडून पु. ल. देशपांड्यांपर्यंत येतो. या परंपरेची थोरवी वादातीत आहे. कोल्हटकरांनी सनातनी रूढींची खिल्ली उडवली. 'असा मी असामी' (1964) मध्ये बदलत्या मुंबईशी जुळवून घेणारा मध्यमवर्गीय माणूस स्वतःलाच हसतो. परंतु या परंपरेतील आत्मविनोदामागे एक सुरक्षितता आहे. स्वतःला हसणाऱ्या माणसाचे घर, नोकरी आणि प्रतिष्ठा हसण्याने धोक्यात येत नाहीत. फुल्यांचा कुणबी हसला असता, तर त्याला गावातील संपूर्ण व्यवस्थेशी आपले नाते बदलावे लागले असते. दोन्ही हास्ये आत्मपर आहेत, पण त्यांची किंमत सारखी नाही.

घाटापलीकडचा जलसा, घाटाखालची जत्रा

नाटक छापले गेले नाही, तरी त्यातील हास्याची दिशा नष्ट झाली नाही. फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रचारातून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातील गण, गवळण व वग यांचा आशय बदलला. मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून 'दीनमित्र' हे पत्र चालविले आणि 'कुलकर्णी लीलामृत'सारख्या रचनेत पोथीचे रूप वापरून कुलकर्ण्याच्या कारभाराचा उपहास केला. 1930 नंतरच्या काळात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. कर्डकांचा 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' (1978) हा ग्रंथ या चळवळीचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे. जलशातील विनोदी पात्रे जुन्या रूढींवर प्रहार करीत आणि प्रेक्षकाला शिक्षण व संघटनेकडे बोलावीत. हसवणारे आणि हसणारे एकाच वस्तीतील असल्याने हास्याला वरून खाली येण्याची दिशाच उरली नाही.

मुरबाड-शहापूरच्या भूगोलात या परंपरा दूरच्या नाहीत. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुक्यातील ओतूर लागते. तेथे 1880 च्या दशकात ब्राह्मण पुरोहितावाचून लग्ने लावल्यावरून जोशीपणाच्या वतनाचा वाद न्यायालयात गेला. नाटकातील कुणब्याने जे केले असते, ते ओतूरच्या शेतकऱ्यांनी केले. शहापूरहून कसारा घाट चढला की नाशिक जिल्हा लागतो. कर्डकांच्या जलशाची ती भूमी. जुन्नर तालुक्यातीलच नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र आहे. घाटाखाली मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची जत्रा गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि जत्रा म्हटली की तमाशाचा फड आलाच.

तमाशातील सोंगाड्या हा विदूषकाचा लोकपरंपरेतील भाऊ. पाटील, सावकार, शिपाई यांची तो हजरजबाबीपणाने फजिती करतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (1965) या वगनाट्याने आणि 'सोंगाड्या' (1971) या चित्रपटाने त्याला शहरी प्रेक्षकही मिळवून दिला. परंतु सोंगाड्याचे हास्य प्रायः मोकळे करणारे असते, बदलणारे नसते. रात्री फडात पाटलाच्या फजितीवर पोट धरून हसलेला माणूस सकाळी त्याच पाटलाला मुजरा करतो. जलशाने सोंगाड्याचे कौशल्य घेतले आणि त्याला फुल्यांच्या विदूषकाची दिशा दिली.

मर्यादा

'तृतीय रत्न'चे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादाही नोंदवाव्या लागतात. पाद्र्याच्या तोंडचा युक्तिवाद लांबतो आणि तेथे नाटकाची गती मंदावते. हास्याने जे अर्धे सांगून झालेले असते, ते उपदेशाने पुन्हा पूर्ण सांगितले जाते. ज्ञान बाहेरच्या अधिकारी व्यक्तीकडून यावे लागते, असा भासही त्यातून निर्माण होतो. दुसरे असे की नाटकात हसण्याचा अधिकार बहुतांशी विदूषकाकडे राहतो. कुणबी आणि त्याची बायको शहाणी होतात; परंतु त्यांचे स्वतःचे हसू फारसे ऐकू येत नाही. ते हसू मराठी रंगभूमीवर यायला जलशांची वाट पाहावी लागली.

तिसरी मर्यादा नाटकापेक्षा त्याच्या वारशाची आहे. जोशाच्या वृत्तीवरील हास्य आणि एका जातीत जन्मलेल्या सर्व माणसांवरील हास्य यांतील रेषा बारीक आहे. काही जलशांत पुरोहितवर्गातील स्त्रियाही उपहासाचा विषय झाल्या. तेथे हास्य पुन्हा हॉब्जच्या जागी गेले. फक्त वर कोण आणि खाली कोण, एवढेच बदलले. हसणारा स्वतःला वगळू लागला की परिवर्तनाची शक्यता संपते, मग हसणारा शोषित असो वा शोषक. फुल्यांचा विदूषक कुणब्यालाही सोडत नाही, हे त्याचे महत्त्व या ठिकाणी अधिक स्पष्ट होते.

आजचा संदर्भ

1995 मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत हास्यक्लबची सुरुवात केली आणि ती कल्पना जगभर पसरली. तेथे हसण्यासाठी विषय लागत नाही; हसणे हाच व्यायाम. मन हलके करण्याचे काम हे हास्य करीत असेल, परंतु विषय नसल्याने त्यातून कोणाची ओळख तपासली जात नाही. दुसरीकडे दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत ग्रामीण उच्चार हा अजूनही हमखास हशा मिळवणारा घटक आहे. त्या हशाला विषय आहे, पण त्याची दिशा भाव्यांच्या वनचरापासून फारशी पुढे आलेली नाही. अलीकडे ग्रामीण भागातून आलेले कलावंत स्वतःच आपल्या बोलीत लिहू आणि बोलू लागले आहेत, ही मात्र आश्वासक बाब आहे.

महाविद्यालयाचा वर्ग या दोन्हींच्या मध्ये उभा आहे. पाड्यावरून आलेली विद्यार्थिनी वर्गात उभी राहून आपल्या घरच्या बोलीत उत्तर देते, आणि मागच्या बाकावरून हसू फुटते. त्या क्षणी वर्गात नाटकाचा पहिला टप्पा सुरू झालेला असतो. प्राध्यापकाने त्या हशाकडे दुर्लक्ष केले, तर तो तेथेच थांबतो आणि ती विद्यार्थिनी कदाचित पुन्हा उत्तर देत नाही. त्याने केवळ दरडावले, तर हसू वर्गाबाहेर जाऊन चालू राहते. तिच्या बोलीतील तो शब्द फळ्यावर लिहून प्रमाण भाषेतील शब्दाशेजारी ठेवला, 'शुद्ध' हे विशेषण कोणी, केव्हा आणि कोणासाठी तयार केले याची चर्चा केली, तर हसणाऱ्यांनाच स्वतःच्या हसण्याचे हसू येऊ शकते. विदूषकाने 1855 मध्ये केलेले काम याहून वेगळे नव्हते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

1. हास्य स्वतः परिवर्तनकारी नसते. ज्या हास्यात हसणारा स्वतःला वगळतो, ते प्रस्थापित ओळख पक्की करते. ज्यात तो स्वतःला ओळखतो, तेच आत्मपरिवर्तनाकडे नेऊ शकते.

2. 'तृतीय रत्न'मधील विदूषक हा संस्कृत नाटकातील राजसख्यापासून आणि भाव्यांच्या वनचरापासून मूलतः वेगळा आहे. तो सामान्य प्रेक्षकाचा सोबती असून भीतीचे रूपांतर समजुतीत करणे हे त्याचे कार्य आहे.

3. हास्याने मिळालेली दृष्टी शिक्षणाशी जोडली गेली तरच टिकते. नाटकाचा शेवट रात्रीच्या शाळेत होणे ही त्यामुळे प्रचाराची जोड नसून हास्याच्या तर्काची पूर्तता आहे.

4. हे नाटक 124 वर्षे अप्रकाशित राहिल्याने मराठी विनोदाचा इतिहास मध्यमवर्गीय आत्मविनोदाभोवती रचला गेला. त्या इतिहासात 'तृतीय रत्न' आणि जलसे यांना योग्य स्थान देऊन त्याची पुनर्मांडणी होणे आवश्यक आहे.

नाटकातील कुणबी आणि त्याची बायको रात्रीच्या शाळेच्या दारापर्यंत येतात आणि नाटक संपते. आत काय झाले, हे फुल्यांनी लिहिले नाही. मुरबाड-शहापूरसारख्या परिसरातील महाविद्यालयांत आज जे विद्यार्थी बसतात, ते त्या न लिहिलेल्या प्रवेशातील पात्रे आहेत. त्यांना त्यांच्या नावावरून, बोलीवरून किंवा गावावरून कोणी हसले, तर ते मान खाली घालतात की हसणाऱ्याकडे पाहून स्वतःही मोकळेपणाने हसू शकतात, यावरून त्या शाळेचे यश मोजता येईल.